टी पेशी

टी पेशी किंवा टी लिंफोसाइट हा पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार असून पृष्ठवंशी प्राण्यांच्या रोगप्रतिकारक यंत्रणेचा तो एक प्रमुख आधार आहे. या पेशींचा उगम अस्थिमज्जेत होतो. मात्र त्यांची जडणघडण व निवड छातीच्या मध्यभागी, हृदयाच्या वरच्या बाजूस असलेल्या यौवनलोपी ग्रंथीत, म्हणजेच थायमसमध्ये होते. 'टी' हे या ग्रंथीच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर होय. विषाणूग्रस्त पेशी नष्ट करणे, प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी पेशींना साहाय्य करणे, भक्षक पेशींची मारकशक्ती वाढवणे आणि प्रतिकाराला योग्य वेळी आवर घालणे ही टी पेशींची मुख्य कामे आहेत.

रक्तातील प्रतिपिंड जंतूला थेट जाऊन चिकटू शकते. टी पेशीला ते साधत नाही. जंतूच्या प्रथिनाचा एक लहानसा तुकडा शरीरातील एखाद्या पेशीने आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखवला, तरच टी पेशीला तो ओळखता येतो. परक्याची ओळख तिला अशी नेहमी स्वकीयाच्या मध्यस्थीनेच होते. क्षय व कुष्ठरोगात शरीर जंतूशी कसे झुंजते, अवयवरोपणात दात्याचा अवयव का नाकारला जातो आणि एकाच जंतूमुळे दोन माणसांना दोन तऱ्हेचे आजार का होतात, या प्रश्नांची उत्तरे बव्हंशी या एका वैशिष्ट्यात सापडतात.

## परिभाषा

थायमससाठी मराठी विश्वकोशाने 'यौवनलोपी ग्रंथी' हा शब्द योजला आहे. जन्माच्या वेळी शरीराच्या मानाने ही ग्रंथी मोठी असते, वयात येईपर्यंत वाढते आणि नंतर हळूहळू आक्रसत जाऊन तिची जागा चरबी घेते. त्या दृष्टीने हा शब्द अर्थवाही आहे. परंतु तो शब्दशः घेतल्यास गैरसमज होतो, कारण ग्रंथी पूर्णपणे लोप पावत नाही. प्रौढ वयातही तिच्यातून थोड्या प्रमाणात नव्या टी पेशी बाहेर पडत राहतात. प्रतिकारास चालना देणाऱ्या बाह्य पदार्थास 'प्रतिजन' आणि पेशीच्या पृष्ठभागावरील ओळख पटवणाऱ्या प्रथिनास 'ग्राही' असे म्हणतात. टी पेशींवरील अनेक प्रथिनांची नावे 'सीडी' या अक्षरांनी व पुढील अंकाने दर्शवली जातात. त्यांपैकी सीडी४ आणि सीडी८ ही सर्वांत महत्त्वाची आहेत.

## शोधाचा इतिहास

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यौवनलोपी ग्रंथी निरुपयोगी मानली जात असे. तिच्यात असंख्य पेशी मरताना दिसत, म्हणून काही शास्त्रज्ञ तिला लिंफोसाइटांचे स्मशान समजत. लंडनमध्ये काम करणाऱ्या जॅक मिलर यांनी १९६१ मध्ये ही समजूत खोटी ठरवली. नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी त्यांनी काढून टाकली, तेव्हा त्या उंदरांमध्ये लिंफोसाइट फार कमी आढळले, ते संसर्गाला लवकर बळी पडू लागले आणि दुसऱ्या जातीच्या उंदरांची त्वचा त्यांच्यावर लावली असता ती नाकारली गेली नाही. पुढे १९६८ मध्ये मिलर आणि ग्रॅहम मिचेल यांनी दाखवून दिले की, प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी अस्थिमज्जेतून येतात, पण त्यांना यौवनलोपी ग्रंथीतून आलेल्या पेशींची मदत लागते. टी आणि बी पेशींची विभागणी यातून पक्की झाली.

टी पेशी नेमके काय ओळखते, हा प्रश्न मात्र आणखी काही वर्षे अनुत्तरित होता. १९७४ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे रॉल्फ झिंकरनागेल व पीटर डोहर्टी यांनी एका विषाणूचा संसर्ग झालेल्या उंदरांच्या टी पेशी घेतल्या आणि त्या बाधित पेशींसमोर ठेवल्या. एकाच जातीच्या उंदरांतील बाधित पेशी त्यांनी मारल्या. वेगळ्या ऊतक-खुणा असलेल्या उंदरांतील पेशींमध्ये तोच विषाणू असूनही त्यांनी त्यांना हात लावला नाही. निष्कर्ष अनपेक्षित होता. टी पेशीला विषाणू आणि स्वतःच्या शरीराची खूण या दोन्ही गोष्टी एकत्र दिसाव्या लागतात. या कामासाठी दोघांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टी पेशी ग्राहीची जनुके १९८४ मध्ये सापडली. १९८७ मध्ये पामेला ब्योर्कमन व सहकाऱ्यांनी मानवी एचएलए-ए२ या प्रथिनाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. त्या प्रथिनाच्या माथ्यावर एक खाच होती आणि खाचेत कसला तरी तुकडा अडकलेला दिसत होता. झिंकरनागेल व डोहर्टी यांच्या प्रयोगाचा अर्थ या चित्राने डोळ्यांना दिसेल असा झाला.

## यौवनलोपी ग्रंथीतील विकास

अस्थिमज्जेतील मूळ पेशींपासून तयार झालेल्या पूर्वज पेशी रक्तावाटे यौवनलोपी ग्रंथीत येतात. या वेळी त्यांच्यावर सीडी४ नसते व सीडी८ही नसते. ग्रंथीतील आधारपेशींकडून 'नॉच' नावाच्या प्रथिनामार्फत संकेत मिळतो आणि त्या टी पेशी होण्याच्या मार्गाला लागतात. हा संकेत नसेल तर तीच पूर्वज पेशी वेगळ्या प्रकारची रक्तपेशी होऊ शकते.

यानंतर ग्राहीची घडण सुरू होते. बहुतेक टी पेशींचा ग्राही अल्फा व बीटा अशा दोन साखळ्यांचा असतो. त्यासाठी आयते, अखंड असे जनुक गुणसूत्रावर नसते. असतात ते सुटे खंड. बीटा साखळीसाठी मानवात व्ही गटातील सुमारे ५०, डी गटातील २ आणि जे गटातील १३ उपयुक्त खंड आहेत. 'रॅग' या नावाने ओळखली जाणारी दोन प्रथिने या गटांतून प्रत्येकी एक खंड निवडून, मधला भाग कापून टाकून ते जोडतात. जोडाच्या ठिकाणी काही अक्षरे गळतात, काही नवी भरली जातात, आणि हा भाग पूर्णतः यदृच्छेवर सोपवलेला असतो. अल्फा साखळीतही व्ही व जे खंडांची अशीच जुळणी होते. परिणामी संभाव्य ग्राहींची संख्या अब्जावधींच्याही पलीकडे जाते. आजवर पृथ्वीवर कधीही नसलेल्या विषाणूला ओळखू शकणारी टी पेशीही आपल्या शरीरात असू शकते, याचे कारण हेच.

बीटा साखळी नीट जुळली की नाही, याची तपासणी प्रथम होते. जुळली नसल्यास ती पेशी मरते. जुळली असल्यास पेशी अनेक वेळा विभागते आणि तिच्यावर सीडी४ व सीडी८ ही दोन्ही प्रथिने येतात. मग अल्फा साखळीची जुळणी होऊन ग्राही पूर्ण होतो.

यदृच्छेने घडलेल्या ग्राहींपैकी बरेचसे निरुपयोगी आणि काही घातक असणार, हे उघड आहे. त्यामुळे पेशींना दोन चाळण्यांतून जावे लागते.

पहिली चाळणी ग्रंथीच्या बाह्य भागात असते. तेथील आधारपेशी शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांचे तुकडे एमएचसी या प्रथिनांवर मांडतात. ज्या पेशीच्या ग्राहीला हे एमएचसी अजिबात पकडता येत नाही, तिला जगण्याचा संकेत मिळत नाही व ती तीन-चार दिवसांत नष्ट होते. ज्यांना ते हलकेच पकडता येते, त्या जगतात. यास होकारात्मक निवड म्हणतात. पहिल्या वर्गाच्या एमएचसीशी जुळलेली पेशी सीडी८ राखते, दुसऱ्या वर्गाशी जुळलेली सीडी४ राखते. दुसरे प्रथिन गळून पडते.

दुसरी चाळणी मुख्यतः ग्रंथीच्या आतल्या भागात असते आणि ती याच्या उलट न्यायाने चालते. स्वतःच्या तुकड्याला जी पेशी घट्ट पकडते, ती उद्या स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा धोका असतो. म्हणून तिला नियोजित मृत्यू येतो किंवा तिला नियामक पेशीचे काम दिले जाते. येथे एक अडचण संभवते. इन्सुलिन स्वादुपिंडात तयार होते. छातीतील ग्रंथीत शिकणाऱ्या पेशीला ते दिसणार कसे? या अडचणीवर शरीराने शोधलेला उपाय या संपूर्ण विषयातील सर्वांत विलक्षण गोष्ट म्हणावी लागेल. आतल्या भागातील काही आधारपेशींमध्ये 'एअर' नावाचे जनुक काम करते आणि त्याच्या प्रभावाने शरीरातील दूरदूरच्या अवयवांची हजारो प्रथिने तेथे थोड्या थोड्या प्रमाणात तयार होतात. एका लहान ग्रंथीत जणू सगळ्या शरीराची नमुनेवही ठेवलेली असते. हे जनुक सदोष असलेल्या व्यक्तींमध्ये बालपणापासूनच अधिवृक्क, परावटू इत्यादी अनेक ग्रंथींवर स्वतःच्याच टी पेशींचा हल्ला होतो.

या दोन चाळण्यांतून पार होणाऱ्या पेशींचे प्रमाण फार थोडे, शंभरात पाचाहूनही कमी असते. जुन्या शास्त्रज्ञांना दिसलेले स्मशान खरेच होते. त्याचा हेतू तेवढा त्यांना कळला नव्हता.

जन्मतःच यौवनलोपी ग्रंथी नसलेली किंवा अपुरी असलेली बालकेही आढळतात. बाविसाव्या गुणसूत्राचा एक भाग गळाल्याने होणाऱ्या डायजॉर्ज विकारात असे घडू शकते. ग्रंथी पूर्णपणे नसल्यास बालकास साधे संसर्गही जीवघेणे ठरतात.

## प्रतिजनाची ओळख

एमएचसी प्रथिनांचे दोन मुख्य वर्ग आहेत. मानवात त्यांना एचएलए म्हणतात.

पहिल्या वर्गाची प्रथिने केंद्रक असलेल्या जवळजवळ सर्व पेशींवर असतात. पेशीच्या आत तयार होणारी प्रथिने कालांतराने मोडीत निघतात. 'प्रोटिएझोम' नावाची नळकांड्याच्या आकाराची रचना त्यांचे तुकडे करते. हे तुकडे एका वाहक प्रथिनातून आंतरद्रव्यी जालिकेत जातात, तेथे एमएचसीच्या खाचेत बसतात आणि पृष्ठभागावर येतात. खाच दोन्ही टोकांना बंद असल्याने तिच्यात ८ ते १० अमिनो आम्लांचाच तुकडा मावतो. निरोगी पेशी अशा रीतीने स्वतःचेच तुकडे सतत दाखवत असते. विषाणू आत शिरून आपली प्रथिने तयार करू लागला की त्याचेही तुकडे त्याच वाटेने बाहेर दिसू लागतात. ते सीडी८ पेशी ओळखतात. आत लपलेल्या विषाणूचा सुगावा लागण्याचा हाच मार्ग आहे.

दुसऱ्या वर्गाची प्रथिने मुख्यतः वृक्षाभ पेशी, भक्षक पेशी व बी पेशी यांच्यावर असतात. या पेशी बाहेरचा पदार्थ गिळतात, आम्लधर्मी कोशात त्याचे तुकडे करतात आणि ते सीडी४ पेशींना दाखवतात. ही खाच दोन्ही टोकांना उघडी असल्याने तुकडा लांब, साधारणतः १३ ते २५ अमिनो आम्लांचा असतो.

ग्राही व तुकडा यांची पकड प्रतिपिंडाच्या मानाने फार ढिली असते. सामान्यतः ती काही सेकंदांतच सुटते. सैल पकडीमुळे एकच टी पेशी शेकडो पेशींना चाचपत पुढे जाऊ शकते, आणि जेथे पकड जरा अधिक काळ टिकते तेथेच ती थांबते. एका पेशीवरील हजारो निरुपद्रवी तुकड्यांत मोजके परके तुकडे असले तरी तिला ते पुरतात. संकेत आत पोचवण्याचे काम ग्राहीला लागून असलेली सीडी३ प्रथिने आणि त्यांच्यामागची विकरे करतात.

एचएलए जनुकांत मानवजातीत कमालीचे वैविध्य आहे. प्रत्येक व्यक्तीला निम्मा संच आईकडून व निम्मा वडिलांकडून मिळतो. त्यामुळे दोन सख्ख्या भावंडांचा संच पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक असते, आणि अस्थिमज्जारोपणासाठी आधी भावंडांची तपासणी करतात ती यामुळेच. एखाद्या विषाणूचा जो तुकडा एकाच्या एचएलएच्या खाचेत बसतो तो दुसऱ्याच्या खाचेत बसेलच असे नाही. समाजाच्या दृष्टीने हे वैविध्य म्हणजे विमा आहे: कोणतीही एक साथ सगळ्यांच्या नजरेतून निसटू शकत नाही. व्यक्तीच्या दृष्टीने मात्र तो नशिबाचा भाग ठरतो. एचएलए-बी२७ असणाऱ्यांना कण्याच्या सांध्यांचा एक प्रकारचा संधिवात होण्याचा संभव इतरांहून पुष्कळ अधिक असतो.

टी पेशींच्या एका लहान गटात अल्फा-बीटाऐवजी गॅमा-डेल्टा साखळ्यांचा ग्राही असतो. या पेशी बऱ्याचदा एमएचसीच्या मध्यस्थीशिवायच काम करतात.

## सक्रियता आणि प्रकार

ग्रंथीतून बाहेर पडलेली टी पेशी रक्त आणि लसीका ग्रंथी यांच्यात फिरत राहते. संसर्गाच्या जागेवरून वृक्षाभ पेशी जंतूचे तुकडे घेऊन जवळच्या लसीका ग्रंथीत येते. पायाला जखम झाल्यावर जांघेत अवधाण येते, ते या घडामोडींचेच बाह्य लक्षण होय. तेथे योग्य टी पेशीशी गाठ पडली तरी ओळख एवढ्यानेच काम भागत नाही. वृक्षाभ पेशीने धोक्याचा दुसरा संकेतही द्यावा लागतो. तो टी पेशीवरील सीडी२८ हे प्रथिन घेते. ओळख पटली पण धोक्याचा संकेत आला नाही, तर पेशी निष्क्रिय होते. दोन्ही मिळाल्यास ती झपाट्याने विभागू लागते आणि काही दिवसांत तिच्या हजारो प्रती तयार होतात. संसर्ग ओसरल्यावर त्यांतील बहुतेक मरतात, थोड्या स्मृतिपेशी म्हणून उरतात.

सीडी८ पेशी मारक असतात. बाधित पेशीला चिकटून त्या तिच्या पटलाला छिद्रे पाडणारे परफोरिन आणि मृत्यूची साखळी सुरू करणारी ग्रॅन्झाइम सोडतात. सीडी४ पेशी साहाय्यक असतात. त्यांतील पहिल्या प्रकारच्या पेशी इंटरफेरॉन-गॅमा स्रवून भक्षक पेशींना आतील जंतू मारण्यास बळ देतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी कृमींविरुद्धच्या प्रतिकारात आणि ॲलर्जीत आढळतात. तर लसीका ग्रंथींच्या पुटकांतील साहाय्यक पेशी बी पेशींना उत्तम प्रतिपिंडे तयार करण्यास मदत करतात. चौथा महत्त्वाचा गट नियामक टी पेशींचा. दोन्ही चाळण्यांतून निसटलेल्या स्वघातकी पेशींना त्या आवरतात. त्यांचे कार्य आणि त्यामागचे फॉक्सपी३ हे जनुक यांवरील संशोधनासाठी मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल व शिमोन साकागुची यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

## क्षयरोग

महाराष्ट्रात आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन क्षयरुग्ण व कुष्ठरुग्ण शोधण्याची मोहीम एकत्रित राबवतात. धाराशिवसारख्या मराठवाड्यातील जिल्ह्यांतही ती होते. दोन्ही रोगांचे जंतू एकाच कुळातील, म्हणजे मायकोबॅक्टेरियम आहेत. दोन्ही भक्षक पेशींच्या आत राहतात, जेथे प्रतिपिंड पोचत नाही. म्हणून दोन्ही रोगांत निर्णायक भूमिका टी पेशींची असते.

मॅन्टू चाचणी ही टी पेशींच्या स्मृतीचीच चाचणी आहे. हाताच्या त्वचेत क्षयजंतूंच्या प्रथिनांचे इंजेक्शन देऊन ४८ ते ७२ तासांनी येणाऱ्या टणक फुगवट्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजतात. लालीचा विचार करत नाहीत, हे अनेकांना ठाऊक नसते. स्मृतिपेशी त्या जागी गोळा होण्यास दोन-तीन दिवस लागतात, म्हणूनच चाचणीचा निकाल लगेच मिळत नाही. बीसीजी लस घेतलेल्या व्यक्तीतही ही चाचणी होकारार्थी येऊ शकते. ही अडचण टाळण्यासाठी बीसीजीच्या जंतूत नसलेली, पण खऱ्या क्षयजंतूत असलेली दोन प्रथिने वापरणारी 'सी-टीबी' ही त्वचाचाचणी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट तयार करते. चाचणी होकारार्थी येणे म्हणजे क्षयरोग झाला असे नाही. टी पेशींची जंतूशी केव्हातरी गाठ पडली होती, एवढाच तिचा अर्थ.

## कुष्ठरोग

टी पेशींचे महत्त्व कुष्ठरोगाइतके स्पष्टपणे क्वचितच दुसऱ्या रोगात दिसते. जंतू एकच, पण रोग्यागणिक रोगाचे रूप अगदी भिन्न. डी. एस. रिडली व डब्ल्यू. एच. जॉप्लिंग यांनी १९६६ मध्ये या रूपांची पाच गटांत मांडणी केली, ती रोग्याच्या प्रतिकाराच्या पायऱ्यांवरच आधारलेली आहे.

एका टोकाला, ज्या रोग्याच्या पहिल्या प्रकारच्या साहाय्यक पेशी जोमदार असतात त्याच्या अंगावर एक-दोनच फिकट, बधिर चट्टे असतात आणि त्यांत जंतू जवळजवळ सापडत नाहीत. दुसऱ्या टोकाला, ज्याच्या टी पेशी या जंतूला प्रतिसादच देत नाहीत त्याच्या त्वचेत जंतूंची अमाप वाढ होते, कानाच्या पाळ्या व चेहरा जाड होतो. अशा रोग्याच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर असतात, तरी त्यांचा उपयोग होत नाही. मारलेल्या जंतूंची लेप्रोमिन चाचणी पहिल्या टोकाच्या रोग्यात होकारार्थी आणि दुसऱ्या टोकाच्या रोग्यात नकारार्थी येते.

कुष्ठरोगातील विकृती केवळ जंतूंमुळे होते ही समजूत समाजात दृढ आहे. ती अपुरी आहे. जंतू चेतातंतूंच्या आवरणपेशींत राहतात. टी पेशी त्यांच्यावर तुटून पडतात तेव्हा सुक्याबरोबर ओलेही जळते आणि चेतातंतू निकामी होतो. औषधोपचार चालू असताना किंवा संपल्यानंतरही टी पेशींचा जोर एकाएकी वाढून चट्टे लाल होतात, नस दुखू लागते आणि काही दिवसांत हाताची बोटे वाकू शकतात किंवा पाऊल लुळे पडू शकते. यास पहिल्या प्रकारची प्रतिक्रिया म्हणतात. औषधाने रोग बळावला असे समजून रोगी गोळ्या सोडतात. तसे करणे चूक आहे. वैद्यकीय देखरेखीखाली स्टेरॉइड वेळेवर सुरू केल्यास चेतातंतू बहुधा वाचवता येतो.

महाराष्ट्राला कुष्ठसेवेची मोठी परंपरा आहे. मुंबईतील ॲकवर्थ रुग्णालय १८९० मध्ये सुरू झाले. बाबा आमटे यांचे वरोऱ्याजवळील आनंदवन सर्वपरिचित आहे. त्या मानाने येथील लसनिर्मितीचा प्रयत्न कमी लोकांना माहीत आहे. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये १९५८ मध्ये एका रोग्याच्या ऊतकातून काही जंतू वाढवण्यात आले. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्यांना आयसीआरसी जंतू म्हणतात. डॉ. एम. जी. देव व सहकाऱ्यांनी हे जंतू मारून त्यांची लस तयार केली. ज्यांच्या टी पेशी कुष्ठजंतूला प्रतिसाद देत नाहीत त्यांच्यात तो प्रतिसाद जागवणे, हा तिचा हेतू होता. दक्षिण भारतातील मोठ्या तुलनात्मक चाचणीत, जिचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. कुष्ठरोग नियंत्रणाचा भर मात्र बहुविध औषधोपचारावरच राहिला.

## एचआयव्ही

एचआयव्ही हा विषाणू सीडी४ या प्रथिनालाच पकडून साहाय्यक पेशीत शिरतो. साहाय्यक पेशी घटल्या की सीडी८ पेशी, बी पेशी व भक्षक पेशी या तिघांचेही काम ढासळते. निरोगी प्रौढाच्या एक घन मिलिमीटर रक्तात साधारणतः ५०० ते १५०० सीडी४ पेशी असतात. त्या २०० च्या खाली गेल्यास एड्सची अवस्था मानतात. पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांत मोफत औषधे मिळू लागली. आरंभी सीडी४ पेशी ठरावीक पातळीखाली गेल्यावरच औषधे सुरू केली जात. २०१७ पासून निदान होताच ती सुरू करण्याचे धोरण आहे.

## इतर प्राण्यांत

जबडा असलेल्या सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत टी पेशी व यौवनलोपी ग्रंथी असतात. शेळीच्या करडात ही ग्रंथी छातीपुरती मर्यादित नसून मानेतही पसरलेली असते. रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पिलांत गॅमा-डेल्टा टी पेशींचे प्रमाणही माणसापेक्षा बरेच जास्त असते.

धाराशिव जिल्ह्याच्या उस्मानाबाद या पूर्वीच्या नावावरून ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी ही या भागातील अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांची गरजेला विकता येणारी पुंजी आहे. तिला होणाऱ्या पीपीआर रोगाचा विषाणू माणसातील गोवरच्या विषाणूचा नातलग आहे. दोघेही लिंफोसाइटांच्या पृष्ठभागावरील 'स्लॅम' या प्रथिनावाटे आत शिरतात. ताप, नाका-डोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण व हगवण ही पीपीआरची लक्षणे दिसतात; पण लिंफोसाइट घटल्याने प्रतिकार खचतो आणि अनेक शेळ्या मागाहून झालेल्या न्यूमोनियाने दगावतात. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात 'सुंगरी-९६' या वाणापासून तयार झालेली जिवंत क्षीण विषाणूंची लस एका मात्रेत दीर्घकाळ संरक्षण देते.

## कार-टी उपचार

कर्करोगाच्या पेशी अनेकदा आपल्यावरील एमएचसी कमी करतात. दाखवणाराच गप्प राहिल्याने टी पेशीला काहीच दिसत नाही. कार-टी उपचारात या अडचणीला वळसा घातला जातो. रोग्याच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या काढून त्यांत एका कृत्रिम ग्राहीचे जनुक निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने घालतात. या ग्राहीचा बाहेरचा भाग प्रतिपिंडाचा आणि आतला भाग टी पेशीच्या संकेतयंत्रणेचा असतो. अशी पेशी एमएचसीची वाट न पाहता कर्कपेशीवरील सीडी१९ हे प्रथिन थेट ओळखते. प्रयोगशाळेत वाढवून या पेशी रोग्याला परत दिल्या जातात.

अमेरिकेत असा पहिला उपचार ऑगस्ट २०१७ मध्ये मान्य झाला, तेव्हा त्याची जाहीर किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर होती. भारतीय रुग्णाच्या आवाक्यापलीकडची ही रक्कम पाहता मुंबईतील काम महत्त्वाचे ठरते. आयआयटी मुंबईतील प्रा. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियल सेंटरच्या सहकार्याने 'नेक्सकार१९' हा उपचार विकसित केला. त्यातून उभी राहिलेली इम्युनोॲक्ट ही कंपनी त्याचे उत्पादन करते. २०२१ मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघर येथील केंद्रात पहिल्या रुग्णाला हा उपचार देण्यात आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत त्याचे लोकार्पण झाले. बी पेशींचे जे रक्तकर्करोग व लिंफोमा इतर उपचारांना दाद देत नाहीत किंवा पुन्हा उलटतात, त्यांच्यासाठी तो वापरतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूल्यमापन करता आलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. खर्च परदेशाच्या सुमारे एक दशांश असला तरी तो अजूनही लाखांच्या घरात आहे.

या उपचाराचे धोके त्याच्या यंत्रणेतूनच येतात. सक्रिय टी पेशी एकाच वेळी मोठ्या प्रमाणात संदेशद्रव्ये सोडतात, त्यामुळे तीव्र ताप येऊन रक्तदाब घसरू शकतो. त्यावर औषधे उपलब्ध आहेत. शिवाय सीडी१९ हे निरोगी बी पेशींवरही असते. कृत्रिम ग्राही असलेली टी पेशी केवळ हे प्रथिन ओळखत असल्याने ती कर्कपेशी व निरोगी बी पेशी यांत भेद करत नाही. निरोगी बी पेशीही नष्ट होतात, आणि प्रतिपिंडांची पातळी घटलेल्या रुग्णांना काही महिने किंवा त्याहून अधिक काळ बाहेरून प्रतिपिंडे द्यावी लागू शकतात.